लिफ्टमध्ये ताशी सत्तर : विमानाच्या वेगमापकाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, पुणे

दिवाळीत मंगळवेढ्याला दादाच्या शेतात अनघाचं रिमोटवर उडणारं विमान पडलं. त्याचं कारण आज कुठे कळलं. इतके दिवस आम्ही दोघं बॅटरीला शिव्या घालत होतो.

आज तिने त्या उड्डाणाचं रेकॉर्ड उघडलं. पडण्याच्या तीन सेकंद आधी पडद्यावर वेग होता सेकंदाला १४ मीटर. विमान एक किलो सहाशे ग्रॅमचं, पंख टोकापासून टोकापर्यंत १.८ मीटर, रुंदी २० सेंटिमीटर. एवढ्या विमानाला १४ म्हणजे भरपूर. तरी ते एका पंखावर कलंडलं आणि गुडघाभर ज्वारीत जाऊन रुतलं.

तिच्याच व्हिडिओत ज्वारी सगळी एका अंगाला झुकलेली दिसते. वारा सहा-सात मीटरचा सहज असणार. विमान वळून वाऱ्याला पाठ देऊन निघालं होतं. आणि पडद्यावरचे १४ होते जीपीएसचे, म्हणजे जमिनीवरून मोजलेले. त्यातले सहा-सात तर वाऱ्याचेच. पंखांवरून प्रत्यक्षात वाहणारी हवा उरली सात-आठच्या घरात, आणि तेवढ्यावर हे विमान तरंगत नाही.

अनघा बराच वेळ आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "काका, म्हणजे ते उडत नव्हतंच. वाहत चाललं होतं."

ठरलं ते असं: नवीन सांगाडा ती बांधणार, हवेचा वेग मोजायचं काम माझं. मी ३१ वर्षं एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये काढली. पाइपातलं पाणी, वाफ, तेल यांचा वेग दाबाच्या फरकावरून काढणं हा रोजचा धंदा. हवाच काय ती नवीन.

११ फेब्रुवारी

तत्त्व जुनंच आहे. आँरी पितो या फ्रेंच इंजिनिअरने १७३२ साली पॅरिसमध्ये सीन नदीत टोकाला वाकवलेली काचेची नळी धरली. वाकवलेलं तोंड प्रवाहाच्या समोर. नळीत पाणी वर चढलं, आणि किती चढलं त्यावरून प्रवाहाचा वेग. खोल जावं तसा प्रवाह वाढतो अशी तेव्हाची समजूत होती, ती त्याच्या मोजमापाने मोडीत निघाली. विमानाच्या नाकावर किंवा पंखाखाली जी बारीक नळी दिसते, ती हीच पिटो ट्यूब.

एक भोक समोर, त्यात वारा थडकतो. दुसरं भोक बाजूला, त्याला फक्त आसपासच्या हवेचा दाब कळतो, त्याला स्टॅटिक म्हणायचं. दोघांतला फरक म्हणजे हवेच्या घनतेचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. प्लँटमधल्या डीपी ट्रान्समीटरला, म्हणजे दाबातला फरक मोजणाऱ्या यंत्राला, दाब आणणाऱ्या दोन बारीक नळ्या (इम्पल्स लाइन) असतात, तसंच. फक्त पाइपात बसवायची भोकाची चकती (ऑरिफिस प्लेट) नाही.

पण आकडे काढले आणि गार पडलो. सेकंदाला ८ मीटर वेगाला फरक किती? ३९ पास्कल. आमच्या भाषेत ४ मिलिमीटर पाणी! कारखान्यात मी ० ते २५०० मिलिमीटरचे ट्रान्समीटर लावायचो. ४ मिलिमीटर म्हणजे तिथला झिरोचा थरथराट.

अनघाने आधीच एमपीएक्सव्ही ७००२ हा सेन्सर आणून ठेवला होता. एक किलोपास्कलला एक व्होल्ट देतो. तो आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डला लावला. आर्डुइनो ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या करतं, म्हणजे एक पायरी साधारण ५ पास्कल. ८ मीटर वेगाला आपल्या हातात पायऱ्या किती? आठ. शून्यावरून पहिली पायरी चढली की मीटर एकदम २.८ मीटर म्हणतो, मधे काही नाही.

वर्गाचं गणित असं वाकडं वागतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट, त्यामुळे वरच्या टोकाला मापन झकास. खाली, जिथे जिवावर बेततं, तिथे आंधळं. प्लँटमध्ये आम्ही यावर लो फ्लो कट-ऑफ लावून मोकळे व्हायचो, अमुक टक्क्यांच्या खाली शून्य दाखव. इथे तसं करून भागणार नाही.

१८ फेब्रुवारी

सेन्सर खरं बोलतो की नाही हे तपासायला ४ मिलिमीटर पाण्याचा दाब तयार करायचा आणि तो वाचायचाही. सरळ यू-ट्यूबमध्ये ४ मिलिमीटर डोळ्यांनी वाचणं म्हणजे अंदाजपंचे.

गवंड्याची लेव्हल नळी आणली, १० मीटर, पारदर्शक. एक मीटरच्या फळीवर तिचा एक तुकडा ठोकला आणि फळीचं एक टोक बरोबर १० सेंटिमीटर उचललं. आता पाणी १ मिलिमीटर वर चढायला नळीतून १० मिलिमीटर सरकतं. दुसऱ्या टोकाला रुंद तोंडाची बरणी, तिच्यातली पातळी जवळपास हलत नाही. पाण्यात जिलबीचा रंग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसला तर पाणी नळीला चिकटून अडकत अडकत सरकतं, पहिला तासभर मी त्यातच घालवला.

टी जोडला: एक वाट फळीला, दुसरी सेन्सरला, तिसरी इंजेक्शनच्या सिरिंजला. सिरिंज केसभर दाबायची आणि थांबायचं.

उतार-चढाव दोन्ही घेतले. स्पॅन, म्हणजे शून्यापासून वरपर्यंतचं माप, ठीक आहे, ३ टक्के जास्त. झिरो, म्हणजे दाब नसतानाचा आकडा, मात्र गंडलेला: २.५० व्होल्ट हवा, मिळतोय २.४७. तीन शतांश ऐकायला कमी वाटतात. ते ३० पास्कल झाले, म्हणजे ताशी २५ किलोमीटर! टेबलावर पडलेलं विमान ताशी २५ ने चाललंय असं समजणार, नाहीतर उडत्या विमानाचा वेग कमी मोजणार.

तर मग दरवेळी चालू करताना झिरो काढायचा. त्या वेळी नळीवर टोपी हवी, नाहीतर अंगणातल्या वाऱ्यालाच तो शून्य समजून बसेल.

३ मार्च

"काका, डिजिटल घेऊ या ना," हे चौथ्यांदा ऐकल्यावर एमएस ४५२५ मागवला. १४ बिट, अधिक-उणे १ पीएसआय. एका पायरीला साधारण १ पास्कल. पाचपट बारीक झालं. तरीही शून्याजवळ १ पास्कलची थरथर म्हणजे १.३ मीटरचा वेग दिसतो, त्याला इलाज नाही. पहिली चार-पाच मिनिटं गरम होईपर्यंत झिरो सरकतो. चालू करून चहा प्यायचा, मग झिरो.

फळीवर पुन्हा सगळं केलं. चांगला आहे. अनघाला बरोबर होतीस असं अजून सांगितलेलं नाही.

१० मार्च

पहाटे साडेपाचला गाडी काढली. टपाला बांबू बांधून नळी बोनेटच्या दीड हात पुढे काढली, कारण टपावरून हवा चढून पळत जाते आणि तिथे वेग जास्त दिसतो. सरळ, रिकामा रस्ता. मी चालवतोय, अनघा मागे लॅपटॉप घेऊन.

जीपीएसवर ताशी ५४ धरून जाताना मीटर ५९.७. त्याच रस्त्याने परत येताना ४४.३. फरक वाऱ्याचा. सरासरी काढली की वारा कटतो. सरासरी ५२.

५४ हवे होते. दोन किलोमीटर कुठे गेले? गळती असेल म्हणून सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, बुडबुडा नाही. नळी तिरकी असेल म्हणून पुन्हा ओळंब्यात आणली आणि परत फेरी मारली. पुन्हा ५२.

घरी येऊन उपमा खाताना डोक्यात उजेड पडला. सूत्रात मी घनता टाकली होती १.२२५, ती समुद्रसपाटीवरची, १५ अंशांची. पुणे ५६० मीटर उंच. आज पहाटे १८ अंश होते. घनता निघाली १.१३५. तिचं वर्गमूळ घेऊन ५४ ला लावलं, तर बरोबर ५२.०. मीटर चुकला नव्हता. हवाच विरळ होती.

"मग प्रोग्राममध्ये पुण्याची घनता टाकू," अनघा म्हणाली. मीही तेच म्हणणार होतो. पण वैमानिक तसं करत नाहीत, आणि त्यामागचं कारण समजायला मला दुपार गेली.

पंख विमानाला उचलतो तो वेगाने नाही. तो त्याच दाबाने उचलतो, अर्धा घनता गुणिले वेगाचा वर्ग. म्हणजे पंख हाच मुळात एक डीपी ट्रान्समीटर आहे. हवा विरळ झाली की मीटर कमी दाखवतो आणि पंखही तेवढंच कमी उचलतो. दोघं एकाच मापाने फसतात, म्हणून फसवणूक होतच नाही. समुद्रसपाटीला काट्यावर ज्या आकड्याला स्टॉल, म्हणजे पंख उचलणं सोडतो, डोंगरावरही काट्यावर त्याच आकड्याला. खरा वेग मात्र डोंगरावर जास्त असतो.

म्हणून विमानात वेग एक नसतो. काट्यावर दिसतो तो दर्शनी वेग. उपकरणाची आणि नळीच्या जागेची चूक काढली की सुधारित. घनतेचा हिशेब लावला की हवेतला खरा वेग. त्यात वारा मिळवला किंवा वजा केला की जमिनीवरचा. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर असतं तेव्हा काटा २७० नॉटच्या आसपास दाखवतो आणि खरा वेग असतो ४६० नॉट. कधी पोचणार हे जमिनीवरच्या वेगावरून सांगायचं, पडणार की नाही हे काट्यावरच्या वेगावरून.

दिवाळीत आम्ही पडण्याचा प्रश्न पोचण्याच्या आकड्याला विचारत होतो.

१७ मार्च

आजचा प्रयोग लिहिताना अजून हसू येतंय. हसण्यासारखा विषय नाही खरं तर.

प्रश्न असा होता: समोरचं भोक बुजलं तर मीटर काय दाखवेल? प्लँटमध्ये इम्पल्स लाइन चोक झाली की रीडिंग एका जागी गोठतं, हे मला पाठ. मी अनघाला तेच सांगितलं, गोठेल. ती म्हणाली, उंची बदलली तर?

पिटोच्या तोंडाला टेप लावला, आतली हवा कोंडली. स्टॅटिक भोक उघडं. लॅपटॉप घेऊन आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. तळमजला ते सातवा, २१ मीटर.

पहिला प्रयत्न फसला, कारण मी नळी हातात धरली होती. लिफ्ट हलायच्या आधीच आकडा पळायला लागला. कोंडलेली हवा बोटांच्या उबेने एक अंश जरी तापली तरी दाब ३१० पास्कल वाढतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. मग नळी आणि सेन्सर स्पंजात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात ठेवले, दहा मिनिटं थांबलो, झिरो काढला आणि सातव्या मजल्याचं बटण दाबलं.

दुसरा मजला, १० मीटर प्रति सेकंद. चौथा, १४ च्या पुढे. सातव्याला दार उघडलं तेव्हा पडद्यावर १९.४. ताशी ७० किलोमीटर, लिफ्टमध्ये उभ्या उभ्या. सहाव्या मजल्यावरच्या काकू मधे चढल्या होत्या, त्या डब्याकडे बघून काही न बोलता उतरल्या.

हिशेब साधा आहे. वर जावं तसा बाहेरचा दाब मीटरला जवळपास अकरा पास्कल उतरतो. कोंडलेला दाब होता तिथेच. फरक वाढत जातो आणि बिचाऱ्या सेन्सरला तो वेग वाटतो. वेगमापक उंचीमापक होऊन बसतो. मी म्हणत होतो तसा गोठत नाही, चढाईबरोबर वाढत राहतो. आणि वाढत्या वेगाचा संशय कुणाला येत नाही.

६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून बर्गनएअरचं बोइंग ७५७ निघालं ते असंच. धावपट्टीवरच कॅप्टनच्या लक्षात आलं की आपला वेगमापक चालत नाही. तरी उड्डाण केलं. वर चढायला लागल्यावर तो काटा चालू झाला, आणि वाटलं की झालं दुरुस्त. झालं काहीच नव्हतं, लिफ्ट वर चालली होती. काटा वाढत वाढत अतिवेगाचा इशारा वाजला. ऑटोपायलट कॅप्टनच्याच काट्यावर चालत होतं, त्याने नाक उचललं, इंजिनची ताकद कमी झाली. खरा वेग घसरत होता. मग स्टॉलचा इशारा आला, कंट्रोल थरथरायला लागले. एकाच वेळी एक यंत्र सांगतंय फार वेगात आहात, दुसरं सांगतंय फार हळू. सहवैमानिकाचा काटा बरोबर होता. अटलांटिकमध्ये १८९ माणसं गेली.

विमान बरेच दिवस उभं होतं आणि पिटोवर टोप्या नव्हत्या. तपास करणाऱ्यांचा कयास असा की नळीत कुंभारीण माशीसारख्या एखाद्या किड्याने माती भरली. नळी समुद्रातून काही मिळाली नाही.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेलं एरोपेरूचं ७५७. तिथे उलट: धुताना-पुसताना स्टॅटिक भोकांवर लावलेली टेप काढायची राहिली. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र, उंची खोटी, वेगही खोटा. ७० माणसं.

काम झाल्यावर टेप काढायची राहणं. माझ्या ३१ वर्षांत किती वेळा राहिली असेल, आज मोजायचं धाडस नाही.

९ एप्रिल, मंगळवेढा

पाडवा. गुढी उभारून, श्रीखंड-पुरी होऊन चारला शेतात. ज्वारी निघून गेलीय, काळ्या जमिनीला भेगा आणि धसकटं. धावपट्टीपुरती धसकटं दादाने काढून ठेवली होती. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर शेत हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, पट्ट्यात येतं. १२० मीटरच्या वर जायचं नाही, विमान नजरेआड करायचं नाही.

नवीन विमान हातातून सुटलं आणि छान चढलं. दादा म्हणाला, "ह्या खेपेला पेरणी झालेली नाही, पडलं तरी चालतंय."

पडलं नाही. पण मीटर वेडा झाला. सपाट उडताना १५. अनघाने थ्रॉटल पूर्ण दिलं की विमान डोळ्यांदेखत वेग घेतंय आणि मीटर साडेबारावर उतरतोय. थ्रॉटल काढलं की पुन्हा वर. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच.

झिरो तपासला. ठीक. पिटोचं तोंड साफ. मग बांधावर बसून स्टॅटिकचा विचार केला. मी स्टॅटिकची नळी विमानाच्या पोटात नुसती मोकळी सोडली होती. पोटातली हवा म्हणजे बाहेरची हवा असं गृहीत धरून. नाकावर मोटर थंड करायला भोकं आहेत, पंखा जोरात फिरला की तो पोटात वारा कोंबतो. आतला दाब ४० पास्कलनी वाढला तर १५ चे साडेबारा होतात. हिशेब चोख बसला.

हे ऑटोपायलटवर असतं तर? त्याला दिसलं असतं वेग कमी आहे. त्याने थ्रॉटल वाढवलं असतं. मीटर आणखी उतरला असता. त्याने आणखी वाढवलं असतं. कुत्रं शेपटीमागे.

चूक माझी, आणि शिकाऊ पोराने केली असती तर मी त्याला सुनावलं असतं. कारखान्यात लो साइड, म्हणजे कमी दाबाची बाजू, कुठे उघडते हे न बघता ट्रान्समीटर लावणाऱ्याला मी सोडत नसे.

रात्री दादाच्या पडवीत बसून पिटो-स्टॅटिक एकत्र नळी केली. पितळेची ४ मिलिमीटर भोकाची नळी आत, तिच्यावर जाड नळी, मधल्या पोकळीला टोकापासून बरंच मागे चारी बाजूंनी १-१ मिलिमीटरची चार भोकं. भोक पाडल्यावर कडेला धातूची कुसळं राहतात, ती काढायला दोन तास गेले. बोटाला जाणवणार नाही एवढं कुसळसुद्धा हवेला वळवतं आणि स्टॅटिक खोटं बोलतो.

१० एप्रिल

सकाळी सहाला वारा नाही. थ्रॉटल वर-खाली केलं, मीटर आता विमानाबरोबर चालतो. सुटलो.

मग मुद्दाम स्टॉल. ८० मीटरवर नेऊन थ्रॉटल हळूहळू काढायचं, नाक हळूहळू उचलत उंची राखायची. ११, १०, ९. विमान आळसावतं, काठीला उशिरा ऐकतं. ८.१ ला नाक गळालं. कागदावर मी ७.७ काढले होते. चार वेळा केलं: ८.१, ८.०, ८.३, ८.१.

नऊनंतर वारा सुटला. तेव्हा तेच वाऱ्याच्या तोंडावर केलं. हवेचा वेग ८.२ ला नाक पडलं, जीपीएसवर तेव्हा ३. पाठवाऱ्याने केलं तर ८.१ ला पडलं आणि जीपीएसवर १४! दिवाळीचाच आकडा. अनघाने पडद्याचा फोटो काढला.

वळणात मामला कडक होतो. ४५ अंश कललं की पंखावर भार १.४ पट, स्टॉलचा वेग १.१९ पट. आपले ८.१ तिथे ९.६ होतात. ६० अंशांना ११.५. खऱ्या विमानाच्या वेगमापकावर हिरवा पट्टा, पांढरा पट्टा, पिवळा, आणि शेवटी लाल रेघ असते. हिरव्याचं खालचं टोक म्हणजे स्टॉल, पण ते सरळ उडणाऱ्या, पूर्ण भरलेल्या विमानाचं. वळणातला स्टॉल कुठे रंगवलेला नसतो, तो वैमानिकाने डोक्यात धरायचा. आम्ही ऑटोपायलटला किमान ११ दिले आणि कल ४५ अंशांवर बांधला.

१ जून, पुणे

एअर फ्रान्स ४४७ ला आज पंधरा वर्षं. रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए३३०, २२८ माणसं. तिन्ही पिटोंना हीटर होते आणि चालू होते. पण वादळी ढगाच्या माथ्यावर बर्फाचे बारीक कण इतके आले की हीटर कमी पडले. वेगाचे आकडे गडबडले, ऑटोपायलटने हात वर करून विमान माणसांच्या ताब्यात दिलं. नळ्या मिनिटाच्या आत मोकळ्या झाल्या होत्या. पण तोवर नाक वर ओढलं गेलं होतं, ३५,००० वरून ३८,००० फुटांकडे, आणि वेग खरोखरच संपला होता. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत ४ मिनिटं २३ सेकंद. समुद्रतळावरचे मुख्य अवशेष सापडायला २०११ उजाडलं.

अशा वेळी करायचं काय, हे पुस्तकात आहे: काटा विसरा, नाक अमुक अंशावर धरा, इंजिन अमुक ताकदीवर, विमान त्या जोडीला ठरलेल्याच वेगाने उडतं. पिच आणि पॉवर. आमच्यासाठी ती जोडी आज लिहून काढली: नाक ३ अंश वर, थ्रॉटल ४५ टक्के, म्हणजे १४ च्या आसपास. मीटर आणि जीपीएस-वारा यांचा हिशेब ठरावीक मर्यादेबाहेर भांडायला लागला की ऑटोपायलटने मीटर सोडायचा आणि ही जोडी धरायची. अनघा प्रोग्राम लिहितेय. मर्यादा किती ठेवायची यावर आमचं एकमत नाही. मला घट्ट हवी. ती म्हणते, घट्ट ठेवली तर प्रत्येक झुळकीला मीटर सोडेल. बहुतेक तिचं बरोबर असेल.

७ जुलै

पाऊस. विमान जूनभर गॅलरीत टांगलेलं. आज उघडीप मिळाली म्हणून खाली घेतलं, नेहमीप्रमाणे नळीसमोर हलकेच फुंकर मारली. शून्य. पुन्हा मारली. शून्य.

टॉर्च धरून बघितलं तर तोंडाशी माती. चिकणमाती, गुळगुळीत लिंपलेली, अगदी चुलीला पोतेरं दिल्यासारखी. कुंभारीण! सुईने टोकरल्यावर आतून एक बारीक हिरवी अळी निघाली, मेलेली नाही, पण हालत नव्हती. पिल्लाची शिदोरी.

१७ मार्चला बर्गनएअरचं लिहिताना मनात कुठेतरी होतं की एवढ्या मोठ्या विमानाला माशीने पाडायचं म्हणजे काय. इथे माशीला महिना-सव्वा महिना पुरला. फुंकर मारायचं राहिलं असतं तर विमान उडालं असतं, चढताना मीटर झकास वाढत गेला असता, आणि मी खाली उभा राहून खूश झालो असतो.

हिने लाल खणाच्या उरलेल्या तुकड्यातून टोपी शिवून दिली, हातभर लांब शेपटासकट. लाल आणि लांब का, हे तिला सांगावं लागलं: ब्रिस्बेनला या माश्यांचा इतका त्रास आहे की तिथे विमान थांबलं की पिटोवर टोप्या चढवतात. १८ जुलै २०१८ ला एक ए३३० त्या टोप्या तशाच ठेवून उडालं. माशीपासून वाचवायला लावलेल्या टोपीने माशीचंच काम केलं. ते सुखरूप परत उतरलं.

"मग शेपूट अजून लांब करते," ही म्हणाली.

१४ जुलै

यादी आता अशी, विमानाच्या डब्यावर चिकटवली: चालू करा, पाच मिनिटं थांबा, टोपी असताना झिरो, टोपी काढा, फुंकर, आकडा हलला का, टोपी दुसऱ्याच्या हातात द्या. शेवटचं अनघाचं. टोपी ज्याच्या हातात आहे त्याला ती काढलीय हे माहीत असतं.

एक राहिलं. भुरभुर पावसात नळीत थेंब अडकला की आकडा गोठतो. मोठ्या विमानांच्या पिटोला खाली निचऱ्याचं बारीक भोक असतं. अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल दोन दुकानांत मिळालं नाही, उद्या रविवार पेठेत बघतो. भोक पाडलं की त्यातून थोडा दाब निसटणार, म्हणजे स्पॅन बदलणार. फळी माळ्यावरून काढून ठेवली आहे, जिलबीचा रंग संपलाय.